बायबल कोर्सचा अभ्यास कसा करावा, पेपर कसा लिहावा

लहानपणापासून मंडळीत वाढलेल्या माणसाला बायबलची परीक्षा सोपी जाईल, असं घरच्यांनाही वाटतं आणि आपल्यालाही. स्तोत्र २३ तोंडपाठ असतं. पाळकसाहेबांनी वचन सुरू केलं की पुढचं आपण मनात पूर्ण करतो. मग पहिल्या सत्राच्या पेपरात 'गलतीकरांस पत्राची पार्श्वभूमी व हेतू स्पष्ट करा' असा प्रश्न येतो आणि पेन अडतं. पत्र तर कितीदा वाचलेलं असतं! पण ऐकलेलं ओळखणं आणि तेच कोऱ्या कागदावर स्वतः मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत. मंडळीत आपल्याला पहिल्याचीच सवय लागते. परीक्षा दुसरं मागते.

सर्टिफिकेट, डिप्लोमा किंवा बी.टी.एच.च्या (धर्मशास्त्राच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला नुकतंच नाव घातलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी स्वतः नोकरी सांभाळून यातून गेलो, त्यामुळे दिवसभर लायब्ररीत बसता येईल असं इथे कुठेही गृहीत धरलेलं नाही.

१. आधी अभ्यासक्रमाचा कागद मिळवा

सेरामपूर सिनेटशी (धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेशी) संलग्न कॉलेज, एखादी स्वतंत्र सेमिनरी, मंडळीचा संध्याकाळचा वर्ग, टपालाने येणारे धडे: प्रत्येकाचा पेपर निराळा असतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात ऑफिसात किंवा शिक्षकांकडे एवढं विचारून घ्या:

- असाइनमेंटला किती गुण आणि लेखी परीक्षेला किती?
- उत्तरं मराठीत लिहिता येतात का? पुस्तकं इंग्रजीत असली तरी काही ठिकाणी मराठीतून लिहायची मुभा असते, आणि ती असेल तर ठिकाणांची व माणसांची मराठी नावं सुरुवातीपासूनच वहीत हवीत.
- परीक्षेला बायबल उघडं ठेवता येतं की नाही?
- मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतील?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. तीन-चार वर्षांचे पेपर शेजारी ठेवले की शिक्षकांचा कल दिसतो. कुणी पुस्तकाची रचना विचारतं, कुणी एकाच उताऱ्यात खोल जातं.

तुमचा कोर्स प्रॉटेस्टंट परंपरेतला असेल तर ६६ पुस्तकं, कॅथलिक असेल तर ७३. दुसऱ्या परंपरेच्या नोट्स कुणाकडून मिळाल्या तर हा फरक लक्षात ठेवूनच वापरा. स्तोत्रांचे क्रमांकसुद्धा काही जुन्या कॅथलिक पुस्तकांत एकाने मागे असतात.

२. सामान आणि कागदपत्रं

प्रवेशाच्या वेळी बहुतेक ठिकाणी मंडळीचं शिफारसपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, गुणपत्रिका, ओळखपत्र आणि फोटो लागतात. पाळकांची सही मिळायला वेळ लागतो. ते कन्व्हेन्शनला गेले की आठवडा गेला, तेव्हा हे काम आधी उरका.

अभ्यासासाठी:

- भक्तीच्या बायबलपेक्षा वेगळी, खुणा करायला मोकळी अशी 'पवित्र शास्त्रा'ची प्रत
- दुसरं एखादं भाषांतर, शक्यतो तुम्हाला येणाऱ्या दुसऱ्या भाषेतलं
- नकाशे (बऱ्याच बायबलांच्या शेवटी असतात, तेवढे पुरतात)
- कॉन्कॉर्डन्स (कोणता शब्द बायबलमध्ये कुठे येतो याची सूची) किंवा फोनवर शब्द शोधता येईल असं बायबल ॲप
- शिक्षकांनी सांगितलेलं एकच भाष्य
- फुलस्केप कागद आणि फाइल

एकच भाष्य असं मुद्दाम म्हणतो. सुरुवातीला चार कॉमेंटऱ्या जमवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतले बरेचसे मूळ पुस्तकच वाचायचे राहून जातात.

३. नोट्स उघडण्याआधी पुस्तक सलग वाचा

रोज एक अध्याय ही भक्तीची रीत उत्तम आहे, पण त्या रीतीने पुस्तकाचा आकार हाती लागत नाही. मार्कचं शुभवर्तमान मोठ्याने वाचलं तरी साधारण दीड तासात संपतं. एका रविवारी दुपारी बसा आणि संपवा. छोटी पत्रं तर एका बैठकीत दोनदा होतात.

वाचताना छापलेल्या मथळ्यांवर आणि अध्यायांच्या आकड्यांवर विसंबू नका. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे, आणि वचनांचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने काढलेल्या ग्रीक नव्या करारापासून रुळले. मूळ लेखकाने ते घातलेले नाहीत. म्हणूनच १ करिंथ ११:१ हे वाक्य खरं तर दहाव्या अध्यायाचा शेवट आहे, आणि दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत यशया ५३ मध्ये सुरू न होता ५२:१३ पासून सुरू होतं. 'उताऱ्याच्या सीमा ठरवा' असा प्रश्न आला तर नेमक्या अशाच जागा विचारल्या जातात.

४. एका पुस्तकाला एक पान

सगळ्यात जास्त गुण मला या सवयीने दिले. प्रत्येक पुस्तकाचा एक कागद, एकाच बाजूला लिहिलेला. त्यावर पाच गोष्टी: कोण, कुणाला, कधी, रचना कशी, आणि त्या पुस्तकाचं स्वतःचं म्हणणं काय. आमोसचं पान असं होईल:

*कोण:* यहूदातल्या तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या फळांची निगा राखणारा. व्यवसायाने संदेष्टा नसल्याचं तो स्वतः सांगतो (७:१४).
*कुणाला:* उत्तरेकडच्या इस्राएल राज्याला. बेथेल इथे याजक अमस्याशी त्याची गाठ पडते (७:१०–१७).
*कधी:* यहूदात उज्जीया, इस्राएलात दुसरा यराबाम. इ.स.पू. आठवं शतक, भरभराटीचा काळ.
*रचना:* १–२ राष्ट्रांवरचे न्याय. दिमिष्कापासून सुरुवात, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, मग यहूदा आणि अखेर खुद्द इस्राएल. ३–६ इस्राएलाविरुद्धची भाषणं. ७–९ पाच दृष्टान्त: टोळ, अग्नी, ओळंबा, उन्हाळी फळांची टोपली, वेदीजवळ उभा प्रभू. शेवटी ९:११–१५ पुनःस्थापना.
*म्हणणं:* गरिबांना चिरडणाऱ्यांची उपासना देवाला नको आहे (५:२१–२४).

पहिल्या दोन अध्यायांतला राष्ट्रांचा क्रम मुद्दाम लिहिला आहे. शेजारच्या शत्रूंवर न्याय येतो आहे हे ऐकून इस्राएली श्रोते माना डोलावत असणार, आणि शेवटचा घाव त्यांच्यावरच पडतो. हे लिहिणाऱ्या उत्तराला नुसती यादी देणाऱ्यापेक्षा जास्त गुण मिळतात, आणि मिळायलाच हवेत.

छापील गाइडमधून पान उतरवून काढू नका. स्वतः काढलेलं वेडंवाकडं पानच लक्षात राहतं.

५. काळाची दोरी ताणून ठेवा

जुन्या करारात बहुतेकांचा गोंधळ काळामुळे होतो. संदेष्ट्यांची पुस्तकं बायबलमध्ये काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत, आणि 'मोठे' व 'लहान' हा भेद पुस्तकांच्या लांबीचा आहे. इ.स.पू.चे आकडे उलटे उतरतात हेही घाईत विसरायला होतं. एवढ्या तारखा पक्क्या करा:

- सु. ९३०: राज्याची फाळणी
- ७२२: अश्शूरच्या हातून शोमरोनचा (उत्तरेच्या राजधानीचा) पाडाव
- ५८६: बाबेलच्या हातून यरुशलेम व मंदिराचा नाश (काही पुस्तकांत ५८७)
- ५३८: कोरेशाचा परतीचा हुकूम
- ५१६ च्या सुमारास: दुसरं मंदिर पूर्ण
- ४४५: नहेम्या यरुशलेमात

आता संदेष्टे यांच्या मधे बसवा. आमोस, होशेय, यशया, मीखा आठव्या शतकातले. सफन्या, नहूम, हबक्कूक, यिर्मया यरुशलेमच्या पाडावाआधीच्या दशकांतले, आणि यिर्मया तो पाडाव डोळ्यांनी पाहतो. यहेज्केल बंदिवासात. हाग्गय आणि जखऱ्या ५२० पासून, मंदिर पुन्हा बांधायच्या वेळी.

नव्या करारात पौलाची पत्रंसुद्धा ढोबळमानाने लांबीनुसार लावलेली आहेत. रोमकरांस पत्र पहिलं छापलं म्हणून ते आधी लिहिलं असं होत नाही. तारखांचा एक भक्कम खुंटा मात्र मिळतो: प्रेषितांची कृत्ये १८:१२ मधला गल्लियो. डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखामुळे तो इ.स. ५१–५२ च्या सुमारास अखयाचा (करिंथ ज्यात येतं त्या रोमी प्रांताचा) अधिपती होता हे कळतं, म्हणजे पौल करिंथात केव्हा होता हे ठरवता येतं. त्याच्या मागे-पुढे बाकीचा प्रवास लावा.

नावांचे सापळे वेगळ्या कागदावर काढा. यराबाम दोन. यहोराम आणि योवाश दोन्ही राज्यांत. हेरोद चार वेगळे: मत्तय २ मधला थोरला हेरोद, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला मारणारा अंतिपा, कृत्ये १२ मधला पहिला अग्रिप्पा आणि कृत्ये २५–२६ मध्ये पौलाचं म्हणणं ऐकणारा दुसरा अग्रिप्पा. चौघांना एकच समजून लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याच्या लगेच नजरेत येतं.

६. चार शुभवर्तमानांची खिचडी करू नका

मंडळीत वाढलेल्यांची सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. आपल्या डोक्यात येशूची एकच गोष्ट असते, चौघांची मिळून शिवलेली. नाताळच्या नाटकात मेंढपाळ आणि तीन राजे गव्हाणीपाशी शेजारी-शेजारी गुडघे टेकतात. प्रत्यक्षात मेंढपाळ आणि गव्हाणी फक्त लूकमध्ये. पूर्वेकडचे मागी (ज्ञानी लोक) फक्त मत्तयमध्ये, आणि तिथे ते घरात येतात (२:११). ते तीन होते असं मत्तय म्हणत नाही, राजे होते असंही नाही. मार्क आणि योहानात जन्मकथाच नाही.

तीच गत उत्तम शुक्रवारच्या, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची. दरवर्षी दुपारच्या उपासनेत सात जण सात उद्गारांवर बोलतात, त्यामुळे ती एक सलग मालिका वाटते. पण ती तीन ठिकाणांहून आली आहे. लूकमध्ये तीन: क्षमेची प्रार्थना (२३:३४), चोराला सुखलोकाचं वचन (२३:४३), आत्मा पित्याच्या हाती सोपवणं (२३:४६). योहानात तीन: आई आणि शिष्य (१९:२६–२७), तहान (१९:२८), पूर्ण झालं (१९:३०). आणि देवाने का सोडलं ही आरोळी मत्तय व मार्क या दोघांत, तीही एकटी.

असं वेगळं करून पाहिलं की प्रत्येकाचा स्वभाव दिसायला लागतो. लूकचा येशू मरतानाही क्षमा करतो आणि बहिष्कृताला जवळ घेतो. योहानाचा येशू शेवटपर्यंत सूत्रं आपल्या हातात ठेवून कार्य पुरं करतो. मार्कमध्ये एकटेपणा अंगावर येतो. 'लूकच्या शुभवर्तमानाची वैशिष्ट्यं' या प्रश्नाला लागणारा निम्मा मजकूर अशा तुलनेतूनच निघतो.

करायचं इतकंच: वहीचं पान आडवं धरा, चार रकाने पाडा आणि महत्त्वाच्या घटना भरत जा. जिथे रकाना रिकामा राहतो तिथे खूण करा. मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलणं योहानात दुसऱ्या अध्यायात आहे, बाकी तिघांत शेवटच्या आठवड्यात. मत्तयची पाच मोठी प्रवचनं (५–७, १०, १३, १८, २४–२५) आणि योहानाची सात चिन्हं (चमत्कार) याच तक्त्यात बसतात.

७. उजळणी पुस्तक मिटून

नोट्स पुन्हा पुन्हा वाचल्या, पिवळ्या पेनाने रंगवल्या की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. हे वाटणं फसवं आहे. पान मिटा, कोरा कागद घ्या, आमोसची पाच कलमं आठवून लिहा. मग पान उघडून राहिलेलं लाल शाईने भरा. लाल शाई कमी होत गेली की समजा, जमतंय.

हेच दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लांबवू नका. लोकल किंवा एसटीतला वेळ याला चांगला: फोन खिशात, डोळे मिटून 'पौलाचा दुसरा प्रवास, कुठून कुठे?' असं स्वतःला विचारायचं.

संदर्भ किती पाठ करायचे? प्रत्येक वचनाचा आकडा लक्षात राहत नाही आणि लागतही नाही. अध्याय बरोबर सांगता आला तरी बहुतेक वेळा भागतं. चुकीचा आकडा ठोकून देण्यापेक्षा 'रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात' असं लिहिणं केव्हाही बरं.

अभ्यासाचा ग्रुप असेल तर तीन-चार जणांचाच ठेवा आणि एकमेकांना तोंडी प्रश्न विचारा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवत राहणारा ग्रुप अभ्यासाचा नसतो, पीडीएफचा असतो.

८. उत्तर लिहा, प्रवचन लिहू नका

गलतीकरांस पत्राकडे परत येऊ. प्रश्न पार्श्वभूमी आणि हेतूचा आहे. पुष्कळ विद्यार्थी दोन ओळींत पार्श्वभूमी उरकतात आणि उरलेली दोन पानं आत्म्याच्या फळावर (५:२२–२३) खर्च करतात, कारण ते संडे स्कूलपासून पाठ आहे. शेवटी 'आपणही असे फळ देऊ या, आमेन'. तपासणारा बिचारा गुण कुठे देणार?

या उत्तराचा सांगाडा असा हवा:

- प्रसंग: यहूदीतर विश्वासणाऱ्यांनी सुंता आणि नियमशास्त्र स्वीकारलंच पाहिजे, असं शिकवणारे लोक मंडळ्यांत आले होते.
- पुरावा पत्रातून: नेहमीची उपकारस्तुती वगळून पौल थेट आश्चर्य आणि संताप व्यक्त करतो (१:६).
- वाद: पत्र उत्तर गलतीयातल्या लोकांना की दक्षिणेकडच्या मंडळ्यांना? यावर तारीख आणि कृत्ये १५ मधल्या यरुशलेम सभेशी असलेलं नातं अवलंबून आहे. दोन्ही बाजू दोन-दोन वाक्यांत, मग तुमचा कल आणि कारण.
- हेतू, रचनेतून: १–२ आपल्या प्रेषितपणाचं समर्थन, अंत्युखियात केफाला (पेत्राला) तोंडावर विरोध यासह. ३–४ अब्राहामाच्या आधारे विश्वासाचा युक्तिवाद. ५–६ स्वातंत्र्य कसं जगायचं. आत्म्याचं फळ इथे, एका वाक्यात.

वादाच्या मुद्द्यांवर तुमच्या मंडळीचं मत हेच एकमेव मत असल्यासारखं लिहू नका. इब्री लोकांस पत्रात लेखकाचं नावच नाही. 'पौलाने लिहिले' असं बेधडक लिहिलं की गुण जातात. समविचारी शुभवर्तमानांमध्ये (मत्तय, मार्क, लूक) मार्क आधी लिहिलं गेलं, हे मत बहुसंख्य अभ्यासक मांडतात. ते तुम्हाला पटो न पटो, नीट सांगता आलं पाहिजे. मतं मांडल्याने विश्वास डळमळतो या भीतीने काही जण हा भागच सोडतात, आणि पंधरा-वीस गुणांवर पाणी सोडतात.

संदर्भासहित स्पष्टीकरणाला क्रम ठरवून ठेवा: पुस्तक, कोण कुणाला म्हणालं, आधी काय घडलं, अवघड शब्दाचा अर्थ, पुस्तकाच्या एकूण विचारात जागा. उपयोजन विचारलं असेल तेव्हा मात्र हात आखडू नका. तिथे तुमच्या वस्तीतलं, गावातलं ठोस उदाहरण द्या.

९. ग्रीक, हिब्रू आणि मंडळीचा इतिहास

भाषांना रोज थोडा वेळ हाच एक उपाय. हिब्रूची २२ आणि ग्रीकची २४ अक्षरं पहिल्याच पंधरवड्यात हाताखालून गेली पाहिजेत, नाहीतर पुढचं व्याकरण डोक्यावरून जातं.

इतिहासाला सुरुवातीच्या मंडळीच्या चार मोठ्या सभांची साखळी धरा: निकिया ३२५, कॉन्स्टँटिनोपल ३८१, इफिस ४३१, खाल्केदोन ४५१, आणि प्रत्येकीपुढे वाद कशाचा होता ते एका ओळीत. महाराष्ट्राचा भाग आपल्याला घरचा म्हणून सोपा वाटतो आणि तिथेच साल चुकतं: अमेरिकन मराठी मिशनचे हॉल आणि नॉट मुंबईत आले १८१३ मध्ये, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५, पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर १९२४ ला, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं.

१०. शेवटचा आठवडा आणि पेपरचा दिवस

मंडळीतली कामं आधीच कुणाकडे तरी सोपवा. संडे स्कूल, क्वायर, कॉटेज मीटिंग, आणि परीक्षा डिसेंबरात असेल तर कॅरल राउंड. पाळकांना तारखा महिनाभर आधी कळवल्या तर ते समजून घेतात. आदल्या दिवशी सांगितलं तर कुणालाच काही करता येत नाही. या आठवड्यात नवीन काही वाचू नका, फक्त एक-एक पानं आणि चार रकान्यांचा तक्ता. प्रार्थना करा आणि झोपा. जागरण करून प्रार्थना आणि अभ्यास दोन्ही करणाऱ्यांचे डोळे पेपरात मिटतात.

हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन निळी पेनं, घड्याळ. वर्गात फोन चालत नाही, म्हणून हातातलं घड्याळ लागतंच.

पेपर तीन तासांचा आणि वीस-वीस गुणांचे पाच प्रश्न असतील तर हिशेब साधा आहे: पंधरा मिनिटं वाचणं आणि प्रश्न निवडणं, प्रत्येकी तीस मिनिटं, शेवटची पंधरा तपासायला. तीस मिनिटं संपली की उत्तर अर्धवट असलं तरी चार ओळी सोडून पुढे जा. पाचवा प्रश्न कोरा सोडण्याचं नुकसान पहिला प्रश्न सजवून भरून निघत नाही. 'तुलना करा' असेल तर दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात समोरासमोर आणा, 'टीप लिहा' असेल तर एका पानाच्या वर जाऊ नका, आणि 'कोणतेही तीन' असेल तर तीनच लिहा.

घरी आल्यावर प्रश्नपत्रिकेवर कोणता प्रश्न अभ्यासक्रमातल्या कुठल्या घटकातून आला ते पेन्सिलीने लिहा आणि फाइलला लावा. पुढच्या सत्रात तेच शिक्षक दुसरा पेपर काढणार असतील तर ती फाइल सगळ्यात आधी उघडायची आहे.